दोन कानांची गाठ

आमच्या कामात पिशवी फाडणारी बाई म्हणजे आळशी बाई. हे मी सुनेला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पिशवी फाडली की आतला भात, भाजी, चहाचा चोथा सगळा सुक्या कचऱ्यावर सांडतो, पुठ्ठा भिजतो, कागद वाया जातो आणि मग फरशी धूत बसावं लागतं. म्हणून गाठ सोडायची, बोटांनी, सावकाश. कुणीतरी बोटांनीच मारलेली असते ती, तेव्हा बोटांनी सुटते. हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मी चौथी शिकले. लग्न होऊन देशावरून कल्याणला आले आणि खाडीकडच्या डम्पिंगवर वीसेक वर्षं कचरा वेचला. तिथे कुठे ना कुठे आग धुमसत असायचीच. काही आपोआप लागायची, काही तारांमधलं तांबं काढायला लोक लावायचे. आम्ही त्या धुरातच भाकरी खायचो. नवरा खोकून खोकून गेला. डॉक्टरनं कागदावर बिडीचं कारण लिहिलं. त्यानं जन्मात बिडी ओढली नव्हती. पण धूर लिहायला कागदावर जागा नसते.

नंतर मुलानं ठाण्याला बाळकुमजवळ खोली घेतली. तो टेम्पो चालवतो, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावीच. मी आणि सून तिथल्या एका मोठ्या सोसायटीत कचरा निवडायला लागलो. पंपाच्या खोलीमागे पत्र्याची शेड आहे, तिथे सगळ्या मजल्यांच्या पिशव्या येतात. ओलं एकीकडे, सुकं एकीकडे, सुक्यातलं परत वेगवेगळं. डम्पिंगपेक्षा हे काम बरं. डोक्यावर पत्रा आहे आणि नळाला पाणी आहे. इतक्याला बरं म्हणायची सवय आम्हाला लागलेली आहे, ही मुळात संतापाची गोष्ट आहे, पण ते जाऊ दे.

कचऱ्यावरून घर कळतं. कुणाकडे लहान मूल आहे, कुणाकडे रोज बाहेरून जेवण येतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं कळतं. पण आमच्यात एक नियम आहे. कचऱ्यात दिसलेलं कचऱ्यातच ठेवायचं. वेचणाऱ्या बायका आपापसातसुद्धा ते बोलत नाहीत. कल्याणच्या जुन्या बायकांनी मला हे शिकवलं आणि मी ते पाळलं.

गाठीवरूनही मला घर कळायचं, निदान मला तसं वाटायचं. कुणी नुसता पीळ देऊन पिशवी सोडून देतं, कुणी तीन तीन गाठी मारतं. चौथ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आणि त्यांची बायको राहतात. त्यांच्या दाराबाहेर मी एकदा पिशवी पाहिली होती, तिला सशासारखे दोन कान वर काढलेले आणि शेपूट आत खोचलेलं. सुंदर गाठ. एका बोटानं सुटायची. तेव्हापासून तशी गाठ दिसली की मी म्हणायचे, ही चौथ्या मजल्याची. रोज तशा चार-पाच पिशव्या यायच्या. मी सुनेला म्हणायचे, "म्हाताऱ्यांकडे पाहुणे फार गं." माझ्या हुशारीला कुठेच पूर्णविराम नव्हता.

नात झाली त्या वर्षी सोसायटीत कार्यक्रम झाला. पर्यावरण जागृती आणि कामगारांचं आरोग्य. नवव्या मजल्यावरचे सेक्रेटरी साहेब त्याचे पुढारी. खालच्या हॉलमध्ये आम्हा बायकांना, झाडूवाल्यांना आणि वॉचमनना बसवलं. एक शिकलेली मुलगी पडद्यावर चित्रं दाखवत होती. ओला कचरा कुठला, सुका कुठला. मला. मी पंचवीसेक वर्षं तेच करतेय आणि मला केळ्याच्या सालीचं चित्र दाखवून विचारतात, "मावशी, हे कुठल्या डब्यात जाईल?"

मी म्हटलं, "ताई, हे वरच्यांना विचारा. आमच्याकडे येतं तेव्हा ते कुठल्याच डब्यात नसतं."

सगळे हसले. तीही हसली. म्हणाली, "मावशी, तुम्ही पर्यावरणाच्या सैनिक आहात."

"मग ज्यांच्याशी लढायचं ते कुठे बसलेत? इथे तर एकही दिसत नाही."

ती म्हणाली, रहिवाशांसाठी वेगळं सेशन होणार आहे. ते अजून व्हायचं आहे. मग हातमोजे वाटले. जाड रबराचे, पुरुषांच्या मापाचे. माझी बोटं त्यात अर्ध्यापर्यंतच पोचायची. ते घालून पोतं उचलता येतं, पण गाठ सुटत नाही. मी ते तिथेच सांगितलं. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "हळूहळू सवय होईल." आमचा हातमोजे घातलेला फोटो काढला. तो अजून लिफ्टशेजारी लावलेला आहे.

आणि आम्ही काय केलं? गाठ आली की डाव्या हाताचा मोजा काढायचा, गाठ सोडायची, मोजा परत घालायचा. हेही मीच शिकवलं. थोड्या दिवसांनी परत घालणं राहून जायला लागलं.

माझी नात तेव्हा आठ महिन्यांची होती. शेडच्या मागे सावलीत साडीची झोळी बांधून सून तिला निजवायची आणि मधूनमधून अंगावर पाजायची. वरचं दूध ती पोरगी तोंडाला लावून घ्यायची नाही.

त्या सकाळी सून दोन कानांची गाठ सोडत होती. गाठ सुटली, तिनं हात आत घातला आणि "स्स" केलं. बोटाच्या पेराला एक बारीक सुई लटकत होती. शुगरची सुई, टोपण नसलेली. रक्ताचा ठिपका आला, मोहरीएवढा. मला अशा किती टोचल्यात त्याची गणती नाही. आमच्यात त्यावर चुना लावतात आणि पुढची पिशवी ओढतात. मी तेच केलं. तंबाखूच्या डबीतला चुना काढून तिच्या बोटावर लावला आणि म्हटलं, "काही होत नाही." मला काही झालं नाही म्हणून तिलाही होणार नाही, असलं माझं डोकं.

झाडूवाली बाई बघत होती. ती म्हणाली, "मावशी, येडी झालीस का? पोरगी अंगावर पितेय हिच्या. दवाखान्यात ने आधी."

गेलो. खोपटला बसमधून उतरलो आणि पुढे सरकारी दवाखान्यापर्यंत चालत गेलो, नात माझ्या कडेवर. डॉक्टरीण तरुण होती. तिनं बोटावरचा चुना धुवायला लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. मग विचारलं, "सुई कुणाची होती?"

"कचऱ्यातली," मी म्हटलं.

"कचरा कुणाचा होता, आजी?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कचरा आमचाच असतो असं सगळे धरून चालतात.

तिनं समजावून सांगितलं. धोका कमी आहे, पण अजिबात नाही असं ती लिहून देऊ शकत नव्हती. एचआयव्हीची गोळी तिथेच सुरू केली. ज्याची सुई आहे त्याचं रक्त तपासायला मिळालं आणि ते चांगलं निघालं, तर गोळ्या बंद. तो माणूस मिळाला नाही तर महिनाभर गोळ्या आणि पुढे परत परत तपासण्या. आणि सगळ्यात शेवटी ती म्हणाली, "बाळाला अंगावर पाजणं सध्या थांबवा. दूध पिळून टाकत जा, म्हणजे आटणार नाही."

सून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, ही बाटली घेत नाही हो."

मला रडणं येत नाही. राग येतो. मी म्हटलं, "माणूस मिळेल. मला माहीत आहे कुठल्या घरातली सुई आहे ती."

परतल्यावर सुनेला आणि नातीला घरी सोडलं आणि तडक सोसायटीत गेले. माल चढवायच्या लिफ्टनं चौथ्या मजल्यावर गेले आणि बेल वाजवली. साहेबांनीच दार उघडलं.

"साहेब, तुमच्या घरात सुई कोण घेतं?"

"सुई? कसली सुई, मावशी?"

"शुगरची. सकाळी तुमच्या पिशवीतून निघाली. माझ्या सुनेला टोचली."

"अहो, आमच्याकडे कुणालाच शुगर नाही."

"खोटं बोलू नका. गाठ तुमची आहे."

"काय आहे?"

"गाठ! दोन कान वर आणि शेपूट आत. रोज तुमचीच असते."

ते हसले. आता विचार केला तर वाटतं, कुणीही हसलं असतं. पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नातीचं तोंड होतं आणि मी नियम मोडला.

"हसता काय? तुमचा कचरा चार वर्षं निवडतेय मी. पेपरात गुंडाळून काय टाकता तेही ठाऊक आहे मला. बाटली पेपरात गुंडाळली तरी वाजते, साहेब!"

शेजारची दोन दारं उघडली. साहेबांची बायको कणकेच्या हातांनी बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "मावशी, कचरा आम्ही कुठे बांधतो? आमची बाई बांधते. ह्या बिल्डिंगमध्ये पाच घरं करते ती."

चार वर्षं मी ज्याला घराची गाठ म्हणत होते ती घराची नव्हतीच. माणसं आपला कचरा आपण बांधत असतील, हे मी धरूनच चालले होते. आपल्या घाणीला ही माणसं शेवटचा हातसुद्धा लावत नाहीत, हे माझ्यासारखीला कळायला नको होतं का?

ती कामवाली आमच्याच गल्लीतली. तिच्या आणि आमच्या खोलीच्या मध्ये एक पत्रा. संध्याकाळी ती आल्या आल्या मी तिला गाठलं.

"पाचांपैकी सुई कुठल्या घरात?"

"मला नाही माहीत."

"भांडी तू घासतेस, फ्रीज तू पुसतेस, आणि तुला माहीत नाही?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मावशी, तू खाली काम करतेस. खाली तुझ्या जागी यायला कोण धडपडतंय? माझ्या जागी उद्या सकाळी दुसरी उभी राहील."

"पोरगी उपाशी आहे गं माझी."

"ऐकतेय ना मी. पत्र्यातून सगळं ऐकू येतं."

"मग?"

"मग काय मग? चौथ्या मजल्यावर बोंबललीस ना गाठ गाठ करून? आता सगळ्या बिल्डिंगला कळलंय की गाठ कोणाची. मी एक शब्द बोलले तर कोण बोललं ते सांगायला ज्योतिषी लागणार नाही. तोंड सांभाळायचं तुला मीच शिकवू का, ह्या वयात?"

मी परत फिरले. घरात सून मोरीत बसून दूध पिळत होती. नात वाटीतलं दूध फुर्र करून माझ्या अंगावर उडवत होती आणि मग तिला भूक लागली की घसा बसेपर्यंत रडत होती. पत्र्यापलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच कामावर गेले. पिशव्या आल्या. दोन कानांच्या चार होत्या. पाचवीला एकच सैल गाठ, लेकरानं मारावी तशी. जाड मोजा घालूनसुद्धा ती सुटली. वरच औषधाच्या दुकानाची कागदी पिशवी ठेवलेली, घरपोच आलेली, तिच्यावर पेनानं फ्लॅटचा नंबर. खाली सुयांची रिकामी पेटी. कामवालीनं एक शब्द न बोलता सांगितलं होतं.

नंबर नवव्या मजल्याचा होता. सेक्रेटरी साहेबांचा.

ते बॅग घेऊन निघायच्या तयारीत होते. मी सगळं सांगितलं, ह्या वेळी आवाज न चढवता. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"मावशी, तुम्हाला ग्लव्हज दिले होते ना?"

"दिले होते."

"घातले होते का?"

"गाठ सोडताना नव्हते."

"मग? जबाबदारी कोणाची?" जणू काही माझा हिशेब तिथेच संपला. "आणि वडिलांची ब्लड टेस्ट वगैरे असं तोंडी नाही होत. हे लीगल मॅटर आहे. सोसायटीला लेखी अर्ज द्या, मीटिंगमध्ये ठेवू."

"मीटिंग कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"पोरगी पुढच्या महिन्यापर्यंत उपाशी ठेवू?"

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला. "कोन हाय रं?"

"कोणी नाही, बाबा. कचरावाली आहे."

"कचरावाली हाय ना? मंग कोनी नाय कसा म्हनतंस?"

म्हातारा वॉकर ढकलत बाहेर आला. बनियन आणि लुंगी. हा बाळकुमचा मूळचा माणूस, ह्याच बिल्डिंगांखाली त्याची भातशेती होती. मी परत पहिल्यापासून सांगितलं. तो दारातल्या स्टुलावर बसून ऐकत राहिला.

"सुई माझीच हाय," तो म्हणाला. "टोपन लावाला माझं हात कापतान. तशीच टाकतंय कचऱ्यान. मना कोनी सांगितलाच नाय का ती कोनाला टोचंल."

पर्यावरण जागृती ह्याच्या मुलानं केली होती. खाली, आमच्यासाठी. स्वतःच्या घरातल्या बापाला सांगायला त्याला लिफ्टसुद्धा लागली नसती.

"पोर कवडी हाय गो?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आठ महिन्यांची."

तो मुलाकडे वळला. "गारी काढ."

"बाबा, तुम्हाला कळत नाहीये, उद्या हे लोक—"

"रगत माझा हाय. तुझा नाय. गारी काढ."

गाडी काढली. म्हाताऱ्यानं दवाखान्यात त्या डॉक्टरणीपुढे दंड उघडा करून धरला आणि तिला म्हणाला, "काढ गो, जास्त लागला तर जास्त काढ." मुलगा बाहेर फोनवर बोलत होता.

रिपोर्ट आले, तोवर आणखी दोन दिवस गेले होते. म्हाताऱ्याचं रक्त चांगलं निघालं. एचआयव्ही नाही, कावीळ नाही. डॉक्टरणीनं गोळ्या बंद केल्या आणि म्हणाली, "पाजा आता." सून तिथेच बाकावर बसली. नातीनं आधी तोंड फिरवलं, मग चावली, मग प्यायली. चावल्यावर सून ओरडली आणि हसली. मी बाहेर जाऊन नळावर पाणी प्याले.

इथे गोष्ट संपली असं लोकांना वाटतं. नाही संपली.

आठवड्याभरात सेक्रेटरी साहेबांच्या घरातून कामवालीला काढलं. औषधाच्या पिशवीवरचा नंबर कचऱ्यात वर कसा आला, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. गाठीची सगळी माहिती मीच चौथ्या मजल्यावर ओरडून दिलेली होती. मग उरलेल्या चार घरांतूनही तिला नको म्हणून सांगितलं, चौथा मजला सोडून. साहेबांची बायको म्हणाली, आम्हाला काही अडचण नाही. मी त्यांची माफी मागायला गेले तेव्हा साहेब म्हणाले, "बाटलीचं बोलायला नको होतं, मावशी." खरं होतं. आता त्यांची बाटली न गुंडाळता येते.

लिफ्टशेजारी आमच्या फोटोखाली नोटीस लागली. कचरा निवडणाऱ्या महिलांनी हातमोजे न घातल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही. सुया कशात टाकायच्या, काच कशात गुंडाळायची, त्याबद्दल एक ओळ नाही. टोचणारा कोण ते नाही, टोचून घेणारी कोण तेवढंच लिहिलं. नवव्या मजल्यावरून मात्र तेलाची रिकामी बाटली येते, झाकण घट्ट लावलेली, आत सुया. वर म्हाताऱ्याच्या कापऱ्या हातानं लिहिलंय, सुया. एवढ्या मोठ्या सोसायटीतून एक बाटली.

कामवालीला पलीकडच्या कॉम्प्लेक्समध्ये कामं मिळाली, पण लांब पडतात. ती माझ्याशी बोलत नाही. नातीला पत्र्याच्या ह्या बाजूनं उचलून घेऊन जाते, खेळवते, परत आणून सुनेच्या हातात देते, आणि माझ्याकडे बघत नाही. बरोबर करते. मी तिला समजवायला गेले नाही. माझ्याजवळ तिला देण्यासारखं काम नाही, आणि नुसते शब्द माझ्याकडून एकदाच जास्त झाले तेवढे पुरेत.

मी एक मोठी कात्री आणली. आता मी पिशवी उभी चिरते, दोन्ही हातांत मोजे घालून. सुनेलाही तेच करायला लावते. भात सांडतो, पुठ्ठा भिजतो, फरशी रोज दोनदा धुवावी लागते. सेक्रेटरी साहेब शेडपाशी येऊन म्हणाले, "मावशी, आधी किती स्वच्छ काम करायचात तुम्ही." मी म्हटलं, "आधी आमचे हात उघडे होते."

त्या पाच घरांपैकी चार घरांच्या पिशव्यांना आता दुसऱ्या कुणाची गाठ असते. घाईघाईनं मारलेला एकच फास. तो सोडायला दोन बोटं पुरतील, मला बघताच कळतं. मी तो सोडत नाही. कापते.